भाईंदरहून उत्तनला, व्हाया फ्लॉरेन्स

"पण इटालियनच का?"

गेली चाळीस वर्षं हा प्रश्न लोक मला विचारताहेत. जर्मन शिकलो असतो तर कोणी विचारलं नसतं. जर्मन आलं की नोकरी लागते, असा आपल्याकडे समज आहे. फ्रेंच शिकलो असतो तर 'मार्कांसाठी असेल' म्हणून सोडून दिलं असतं. पण भाईंदरला राहणाऱ्या आणि बँकेत काउंटरवर बसणाऱ्या मराठी माणसाने इटालियन शिकावं, हे लोकांना विरार फास्टमध्ये चढून भाईंदरला उतरण्याची आशा धरण्याइतकंच वेडगळ वाटतं.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. पहिल्याचं उत्तर द्यायला तोंड उघडावं, तोवर तो बाहेर पडतोच.

"आपलं काय कमी आहे?"

आजचा हा लेख म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाशी काढलेलं भांडण आहे. मुद्दाम भांडण म्हणतो, चर्चा नव्हे. चर्चेत समोरच्याचं थोडंफार पटल्यासारखं दाखवावं लागतं. माझी ती तयारी नाही.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला माझ्या मामांनी. मी पाच वर्षांचा असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मामांनी मला भाईंदरला आणलं ते कायमचंच. मामा मूळचे कोल्हापूरचे, राजाराम कॉलेजात शिकलेले, आणि नोकरीला मीठ खात्यात. भाईंदरची मिठागरं तेव्हा स्टेशनातूनच दिसत. खाल्ल्या मिठाला जागणारा सरकारी माणूस पाहायचा तर तो आमच्या मामांमध्ये पाहावा. कपाटात सावरकर, भिंतीवर शिवाजी महाराज आणि जिभेवर चिमाजी अप्पा. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, त्याचं वर्णन मामा असं करत, की ऐकणाऱ्याला वाटावं, सुरुंगाची वात हेच धरून बसले होते.

अशा घरात इटली शिरली कुठून? सायकलवरून.

मी दहा वर्षांचा असताना मामांची सायकल स्टेशनाबाहेरून चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मामा मला घेऊन सायकल शोधायला निघाले. मिठागरांचे बांध झाले, खाडीचा काठ झाला, मीरा गावापर्यंत जाऊन आलो. सायकल मिळाली नाही. परत येताना मामांनी मला हॉटेलात नेऊन दोन प्लेट भजी खायला घातली. स्वतः नुसता चहा घेतला. मला वाटलं, मामांना भजी आवडत नाहीत.

पुढे १९८३ साली एका मित्राने ओढून एका फिल्म सोसायटीच्या खेळाला नेलं. पिक्चर होता व्हित्तोरिओ द सिकाचा 'बायसिकल थीव्ज', १९४८ चा. भिंतीवर पोस्टर चिकटवणाऱ्या एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते आणि तो आपल्या पोराला घेऊन सबंध रोमभर ती शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. मध्येच तो बाप पोराला हॉटेलात खायला घेऊन जातो. त्या ठिकाणी मी जो रडायला लागलो, तो दिवे लागले तरी थांबलो नाही. पडद्यावर रोम होतं, पण मला दिसत होतं भाईंदर. मामांनी भजी का खाल्ली नाहीत, ते मला सोळा वर्षांनी एका इटालियन माणसाने सांगितलं.

हाच पिक्चर १९५२ साली मुंबईत भरलेल्या देशातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला होता. तो पाहून बिमल रॉय हलले आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. मी काही बिमल रॉय नव्हे. मी दुसऱ्या दिवशी फोर्टातल्या इटालियनच्या क्लासला नाव घातलं.

मामा म्हणाले, "अरे, आपलं काय कमी आहे?"

क्लास संध्याकाळी सहा ते आठ. शिकवायला एक खरीखुरी इटालियन बाई. विद्यार्थी दोन जातींचे. पहिली जात मोठ्या घरच्यांची. ही मंडळी 'तोस्काना' म्हणताना डोळे मिटून घेत आणि रिसोत्तो या पदार्थावर पाऊण तास बोलत. पुढे मी तो चाखला. आमची आजी तापातून उठलेल्याला जो आसट भात द्यायची, त्याचा तो सुखवस्तू चुलतभाऊ आहे. या मंडळींचं इटलीप्रेम म्हणजे उंची अत्तर. स्वतःसाठी कमी, शेजारच्यासाठी जास्त. माझं भांडण मामांशी आहे तेवढंच यांच्याशीही आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. दुसऱ्या जातीत आम्ही दोघं-चौघं होतो, लोकलचा पास असलेले.

भाषा मात्र अशी, की मराठी माणसाने तिच्या प्रेमात न पडणं कठीण. जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरात संपतो, त्यामुळे सगळे शब्द ओळखीचे वाटतात आणि सगळे फसवतात. 'पाने' म्हणजे पाव. 'काने' म्हणजे कुत्रा. आमच्या बँकेत काने आडनावाचे एक साहेब होते, त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही. मीठ म्हणजे 'साले'. मीठ खात्यातल्या माणसाला हे कसं सांगणार? 'काका' जरा जोर देऊन म्हटलं, तर इटालियन बाळाचं लंगोट बदलायची वेळ झाली असं समजतात. आणि 'मामा'? मधला 'म' थोडा दाबला की इटालियनमध्ये 'मामा' म्हणजे आई.

हा शब्द शिकलो त्या रात्री मी जेवताना मामांकडे बराच वेळ बघत होतो. "काय रे, आमटीत मीठ कमी आहे का?" मामांनी विचारलं.

तीन महिने झाले. बाईंनी एक दिवस सगळ्यांना विचारायला सुरुवात केली, "दोवे आबिती?" म्हणजे, राहतोस कुठे? मलबार हिल झालं, पेडर रोड झाला, खार झालं. मग कोपऱ्यात बसणारी, कधीच न बोलणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आबितो आ उत्तन, विचीनो आ भाईंदर." उत्तनला राहते, भाईंदरजवळ.

माझ्या तोंडून इटालियनमध्ये जे पहिलं उत्स्फूर्त वाक्य निघालं ते असं: "आंकीयो!" म्हणजे, मी पण! ते व्याकरणाने बरोबर होतं आणि भूगोलाने चूक होतं, पण वर्ग हसला आणि ती पण हसली.

आता हिशेब मांडा. ती आणि मी तीन महिने चर्चगेटहून एकाच गाडीने परत येत होतो. ती लेडीजमध्ये, मी जेन्ट्समध्ये. दोघंही भाईंदरला उतरत होतो. मी पायी घरी जाई, ती उत्तनची बस धरी. स्टेशनपासून तिचं गाव आठ-नऊ किलोमीटर. आणि मी वीस वर्षं भाईंदरला राहून एकदाही उत्तनला गेलो नव्हतो. का? काम काय तिकडे? कोळी लोक, ख्रिस्ती लोक, सुकत घातलेले बोंबील. आपलं कोण आहे तिथे?

त्या मुलीची आत्या धर्मभगिनी होऊन इटलीला गेली होती. तिकडून येणाऱ्या पत्रांत दरवेळी चार इटालियन शब्द जास्त आणि चार मराठी शब्द कमी होत चालले होते. आत्या पुरती हरवायच्या आत तिची भाषा शिकून घ्यावी, म्हणून ही रोज दोन तास जायला आणि दोन तास यायला खर्च करत होती. इटालियन का, याचं याहून चांगलं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पुढचं प्रेमप्रकरण एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर झालं. क्लास जवळच होता, हे एक कारण. दुसरं म्हणजे, आमच्या मागे त्या इमारतीत दांतेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची सहाशे वर्षांहून जुनी हस्तलिखित प्रत होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती सोसायटीला दिली. १९३० च्या सुमारास मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ करून ती मागितली आणि सोसायटीने नाही म्हटलं, असं सांगतात. दहा लाख पौंडांना नाही म्हणणारी मुंबई मला फार आवडते. आम्ही चार आण्याचे दाणे घेऊन तिच्या पायरीवर बसत असू.

मग मी उत्तनला गेलो. वलांडीवर ओळीने बोंबील टांगलेले, त्यांच्या मागे समुद्र, आणि चर्चमधून मराठी भजनांचा आवाज. मराठी! मी ज्यांना परके समजत होतो ते देवाशी माझ्याच भाषेत बोलत होते. भाषा तीच, फक्त समुद्रावरून येताना खारावलेली. आमच्या घरी आजीबरोबर गेलेले कितीतरी शब्द तिथे रोज चुलीपाशी वापरात. हिच्या आईने फुगे आणि बाटली मसाल्याचं कालवण पुढे ठेवलं. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "मासे खाता ना?" मी हो म्हटलं. पण खरी परीक्षा पुढे होती. भाईंदरच्या माणसाला मुलगी द्यायची म्हणजे तिकडेही चार लोकांना विचारावं लागतं. तिकडचे चार लोक म्हणाले, "आपल्यात काय मुलगे कमी आहेत?" प्रश्न तोच. फक्त उलट दिशेची बस पकडून आलेला.

येताना चौकच्या धारावी किल्ल्यापाशी थांबलो. वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या जागेसाठी लढले. मामांना त्या लढाईची एक-एक चाल पाठ होती. मामा तिथे कधी गेले नव्हते.

घरी बातमी सांगितली. मामांनी ताट बाजूला सारलं. "तरी म्हणत होतो! परक्याचं वेड लागलं की माणूस घरातून जातो." आणि मग आमचं ते भांडण झालं. ते इथे जसंच्या तसं देतो, कारण मामांची बाजू मांडणारे हल्ली सगळीकडेच वाढलेत.

मी म्हटलं, "मामा, तुमच्या कपाटात सावरकरांचं जोसेफ मॅझिनीवरचं पुस्तक आहे. मॅझिनी काय सांगलीचा होता? सावरकरांनी लंडनला बसून त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, १९०७ साली बाबारावांनी ते छापलं आणि सरकारने जप्त केलं. इटालियनच का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. एका इंग्रजालाच तेवढं ते झोंबलं."

मामा म्हणाले, "ते देशासाठी होतं."

"बरं. राजाराम कॉलेजचे राजाराम महाराज वारले कुठे?"

मामा थांबले. मी सांगितलं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम १८७० साली युरोप पाहून परत निघाले होते. वाटेत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला गेले. वय २० वर्षं. दहनाची चाल तिथे नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि शहराच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्री उभारून आत त्यांचा पुतळा बसवला. पुढे शेजारी मोठा पूल झाला, त्याला लोकांनी त्या 'इंडियना'चंच नाव दिलं. "मामा, फ्लॉरेन्सवाले रोज कोल्हापूरच्या नावाच्या पुलावरून जातात. आणि तुम्ही उत्तनच्या बसमध्ये बसायला तयार नाही."

मामांनी शेवटचं अस्त्र काढलं. "आपलं ते आपलं."

"तुमच्या दारातली स्कूटर कुणाची?"

हा वार जिव्हारी लागला. सायकल गेल्यावर मामांनी स्कूटरचा नंबर लावला होता. वर्षानुवर्षं वाट पाहून ती आली होती. तिला रोज पुसायचे, दसऱ्याला झेंडू बांधायचे. बजाजने १९६० पासून अकरा वर्षं इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. करार संपल्यावर त्याच वळणाची चेतक काढली. मूळची व्हेस्पा १९४६ ची, एका विमानांच्या इंजिनिअरने काढलेली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पुढे मूल उभं, मागे नऊवारीतली बायको आडवी बसलेली, तिच्या मांडीवर धाकटं, असं जे मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाचं चित्र आपण आपलं म्हणून मिरवलं, त्याच्याखालची चाकं इटलीची आहेत. लग्नकार्यात टोमॅटोचं सार वाढतो. तो टोमॅटो अमेरिकेतून निघाला, तसाच इटलीच्या सॉसातलाही तिथूनच निघालेला. मिरचीही तिकडचीच. आपलं म्हणजे काय? जे घरात येऊन राहिलं आणि आता जात नाही, ते आपलं.

मामा उठून गेले. आठवडाभर बोलले नाहीत.

लग्न विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या, करायचं ठरलं. ठाण्याला नोटीस दिली. ती तीस दिवस फलकावर लावतात. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने घ्यावी. मामा दर सोमवारी घोडबंदर रस्त्याने स्कूटर मारत ठाण्याला जाऊन ती वाचून येत, हे मला फार नंतर कळलं.

लग्नाच्या दिवशी साक्षीदार तीन लागतात. दोघं आले. तिसरा, म्हणजे बँकेतला मित्र, लोकल बंद पडल्यामुळे कुठेतरी अडकला. साहेब घड्याळ बघायला लागले. हिच्या आईने माळ हातात घेतली. तेवढ्यात खाली ओळखीचा फटफट आवाज आला आणि मामा जिना चढून वर आले. म्हणाले, "मी नुसता बघायला आलोय." साहेब म्हणाले, "बघायला आलाच आहात तर इथे सही करा."

मामांनी सही केली. मोडीत. साहेबांना ती वाचता आली नाही, म्हणून खाली देवनागरीत पुन्हा करावी लागली.

संध्याकाळी मी विचारलं, "मामा, सोमवारी-सोमवारी जात होता, तर हरकत का नाही घेतली?" मामा म्हणाले, "घ्यायलाच गेलो होतो. पण हरकतीचं कारण लिहून द्या म्हणाले. कायद्यात कारणं मोजकीच. वय कमी आहे, आधीचं लग्न आहे, जवळचं नातं आहे. आपलं काय कमी आहे, हे कारण त्यांच्या यादीत नाही. एक वेडाचं कलम होतं. पण म्हटलं दोघंही सारखेच वेडे दिसताहेत, जाऊ दे."

आपल्याकडे पत्रिकेतले छत्तीस गुण बघतात. दोन माणसं एकाच ठिकाणी रडतात का, हा सदतिसावा गुण कोणी बघत नाही. मी हिला 'बायसिकल थीव्ज' दाखवला, तेव्हा ती त्याच हॉटेलात रडली. आमचं लग्न जमलं ते तिथे. बाकीचं सगळं नोंदणीचं काम.

मामा पुढे उत्तनला जायला लागले. सासऱ्यांबरोबर ओट्यावर बसून चिमाजी अप्पांची वसई सांगायचे. सासरे तीच हकीकत पायथ्याच्या बाजूने सांगायचे. लढाई दर वेळी सुक्या बोंबलावर येऊन संपायची. मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. तो १५७५ साली रोमला जेझुइट झाला आणि तिथून गोव्याला येऊन मराठीचा झाला, हे सासऱ्यांनीच मामांना सांगितलं. मामा मला म्हणाले, "म्हणजे तोसुद्धा व्हाया इटलीच आला की रे!"

मामा २००९ साली गेले. २०१९ मध्ये आम्ही दोघं फ्लॉरेन्सला गेलो. उफ्फिझीची रांग सोडली आणि आधी कास्चिने बागेच्या टोकाला गेलो. नदीकाठी छत्री, छत्रीत फेटा बांधलेला वीस वर्षांचा मुलगा, खाली चार भाषांत लेख. मी मामांचा फोटो खिशातून काढून कठड्यावर ठेवला. जवळच एक म्हातारी बाक धरून बसली होती. तिने विचारलं, "कोण हा?" मला 'मामा' या नात्याचा इटालियन शब्द येत होता. पण तोंडातून आपलाच शब्द गेला. म्हातारी म्हणाली, "आई? मिशांची?" आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. चूक नव्हतीच.

आज मीरा रोडला कांदा-लसणाशिवायचा जैन पास्ता मिळतो. भाईंदरला शेजवान पिझ्झ्यासाठी रांग लागते. इटली पोटात गेलेली चालते. डोक्यात गेली की लोक घाबरतात. त्यांना वाटतं, दुसऱ्यावर प्रेम केलं तर आपलं कमी होईल. प्रेम म्हणजे काय रेशनचं रॉकेल आहे, एकाला दिलं की दुसऱ्याला उरत नाही? परक्या संस्कृतीच्या वेडाने मला घरातून बाहेर काढलं, हे मामांचं म्हणणं खरं होतं. बाहेर काढलं म्हणूनच तर शेजार दिसला. जे लोक आयुष्यभर 'आपलं, आपलं' करत घरातच बसले, त्यांना 'आपलं' कुठवर पसरलंय याचा पत्ताच नाही.

नात हल्ली मला 'नोन्नो' म्हणते. इटालियनमध्ये आजोबा. भाईंदरच्या शेजाऱ्यांना ते 'नाना' ऐकू येतं, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

पण कालच एकाने पुन्हा विचारलं, "सगळं खरं, पण आपलं काय कमी आहे हो?"

मी म्हटलं, "काही कमी नाही. फक्त उत्तन तेवढं राहून गेलं होतं."